उंबरटेपची टाकी आणि एलियाहकाकांचा शनिवार

गोबरगॅसची टाकी फिनाईलने धुवायची नसते. हे वाक्य कुठल्याही शाळेच्या पुस्तकात नाही, आणि माझं सगळं शिक्षण शाळेच्या पुस्तकांतून झालेलं. त्यामुळे त्र्याण्णव सालच्या नोव्हेंबरात मी आमच्या गावची टाकी मारली.

'मारली' हा शब्द माझा नाही, एलियाहकाकांचा. मी त्याला 'स्वच्छता मोहीम' म्हणत होतो.

पेणहून रोह्याला जाणारी एसटी नागोठणं यायच्या आधी एका वडाखाली थांबते, म्हणजे ड्रायव्हरच्या मनात असेल तर थांबते. तिथून आत दीड किलोमीटर चाललं की उंबरटेप. बावीस घरं, साठेक गुरं, पावसाळ्यात भात आणि नंतर वाल. आणि गावाच्या मधोमध गावाच्या मालकीची टाकी. जमिनीत विहिरीसारखी बांधलेली, आणि तिच्यावर खोलीएवढा लोखंडी डबा उपडा घातलेला. आत शेणपाण्याचा काला आंबतो, गॅस होतो, डबा वर उचलला जातो. गॅस वापरला की डबा खाली बसतो. डबा वर म्हणजे चहा, डबा खाली म्हणजे शिळी भाकरी, एवढं शास्त्र गावातल्या शेंबड्या पोरालाही येत होतं. ज्याची गुरं त्याने पाटी भरून शेण आणून घालायचं. ज्याच्याकडे गुरं नाहीत त्याने पाणी ओतायचं आणि बांबूने ढवळायचं. गॅस मात्र सगळ्यांना सारखाच, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास.

मी बारावी पास आणि पेणच्या कॉलेजात एक वर्ष बसून आलेला, म्हणून टाकी कमिटीचा सेक्रेटरी. म्हणजे अर्ज लिहिणारा. तर अलिबागहून कागद आला की अमुक तारखेला साहेब प्रकल्प पाहायला येणार, परिसर स्वच्छ ठेवावा. काका तेव्हा भाचीच्या लग्नाला ठाण्याला गेले होते. मी पेणहून फिनाईलचे दोन कॅन आणले, विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर पंचायतीतून उचलली, आणि बायकांना घेऊन शेण कालवायची कुंडी अशी घासली की तिच्यात जेवावं. ते सगळं पाणी कुंडीतून कुठे जातं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. ते टाकीच्या पोटात जातं.

साहेब आले, त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "वा! दवाखान्याचा वास येणारा गोबरगॅस मी पहिल्यांदाच बघतोय." वहीत त्यांनी 'अतिशय स्वच्छ' असा शेरा लिहिला. तो शेरा मी दोन दिवस येईल त्याला दाखवला. तिसऱ्या दिवशी गॅसची ज्योत पिवळी झाली, चौथ्या दिवशी गेली.

शुक्रवारी काका परतले. एसटीतून उतरून घरीसुद्धा न जाता, पिशवी खांद्याला तशीच, टाकीवर आले. डब्याला तळवा लावला, कुंडीत वाकून हुंगलं.

"कुणी मारली हिला?"

जमलेल्या बावीस घरांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. आमच्या गावात एवढी एकी एरवी दिसत नाही.

"सेक्रेटरीसाहेब," काका म्हणाले. ते चिडले की मला साहेब म्हणायचे, एरवी जनू. "हिच्या पोटात जीव असतात. डोळ्याला दिसत नाय असले, लाखो. ते शेण खातात म्हणून आपण भाकरी खातो. तू त्या सगळ्यांना फिनाईल पाजलंस."

"साहेबांनी शेरा चांगला दिलाय," मी म्हटलं.

"मग शेऱ्यावर भात शिजव," ठमाबाई म्हणाली. ठमाबाईच्या दोन म्हशी होत्या आणि जिभेला वेसण नव्हती.

एलियाहकाकांविषयी थोडं सांगायला हवं. एलियाह अष्टमकर, कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमीहून त्यांचे पणजोबा इथे आले आणि तेलाचा घाणा टाकला. शनिवारी कामाला हात लावायचा नाही हा त्यांचा धर्म, त्या दिवशी घाणा बंद असायचा, म्हणून जुनी माणसं अजूनही त्यांच्या घराला शनवार तेल्याचं घर म्हणतात. घाणा गेला, शनिवार राहिला. काकांनी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत चोवीस वर्षं कोळशाचा बॉयलर सांभाळला आणि त्यात एकही शनिवार भरला नाही. त्याच्या बदल्यात कंपनीने त्यांच्याकडून सगळे रविवार घेतले, सगळ्या दिवाळ्या घेतल्या आणि सख्ख्या मेव्हण्याचं लग्नसुद्धा घेतलं. "बरंच झालं," काका म्हणायचे, "तो मेव्हणा तसाच हाय."

कंपनीतून निघाले ते खोकला आणि खाकी पँट घेऊन. म्हणाले, आयुष्यभर दगड जाळला, आता शेण जाळून बघतो. गावाची टाकी बांधून होती, पण ती चालवणारं कुणी नव्हतं. काकांनी ती कारखान्यासारखी चालवली. सकाळच्या गॅसला फर्स्ट शिफ्ट, संध्याकाळच्याला सेकंड. ठरल्या वेळी गळ्यातली शिट्टी फुंकून वॉल्व उघडायचे. आमच्या घरांत सासवा सुनांना म्हणत, "आटप गो, शिफ्ट सुटेल!" शुक्रवारी दिवस मावळायच्या आत वॉल्वची चावी ठमाबाईकडे जायची आणि शनिवारी रात्री परत यायची. शनिवारी काका टाकीकडे पाठ करून ओट्यावर बसायचे. कामाचा शब्द नाही. त्या दिवशी टाकी दिसलीच, तर गावात ही इमारत कधी बांधली बुवा, अशा नजरेने पाहायचे.

त्यांची बायको हन्नाकाकू. मुलगी तामार लग्न होऊन इस्राएलात अश्दोदला गेली होती, काकांचे दोन्ही भाऊ त्याआधीच गेलेले. दर महिन्याला पत्र यायचं, तुम्ही कधी येता? काकूचा जीव तिकडे, काकांचा इकडे. शेवटी नवराबायकोत करार झाला होता आणि तो गावाला पाठ होता, कारण तो ओट्यावर, मोठ्या आवाजात झाला होता. टाकी चालतेय तोवर उंबरटेप. टाकी बंद पडली की पासपोर्ट.

आता टाकी बंद पडली होती.

रविवारी सभा भरली. घराघरांत पुन्हा लाकडं पेटली होती, डोळे लाल, रॉकेलच्या रांगेत भांडणं. हर्षद उभा राहिला. हर्षदचं वाण्याचं दुकान, माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीत गिऱ्हाईक दिसतं.

"मंडळी, शेणाचे दिवस संपले. डबा भंगारात देऊ, सिलेंडरला नंबर लावू. फॉर्म माझ्याकडे हायत."

"नंबर कधी लागेल रे?" ठमाबाईने विचारलं.

"तीन वर्षांत नक्की."

"तोवर काय तुझे फॉर्म जाळायचे?"

लोक हसले, पण माना हर्षदच्या बाजूने डोलत होत्या. धुराने माणूस तत्त्वं विसरतो. तेव्हा काका उठले. "चौदा दिवस द्या," म्हणाले. "पुढचा नाय, त्याच्या पुढच्या रविवारी सभा घ्या. सभेचा चहा टाकीच्या गॅसवर झाला नाय, तर डबा मी स्वतः कापून देतो. कटर माझा, मजुरी माझी."

हन्नाकाकू मागे बायकांत बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग सुरू झाली माझी शिक्षा. आधी टाकीतला तिसरा हिस्सा काला उपसायचा होता. गावाने ते काम एकमताने मला दिलं. पाच दिवस मी बादली होतो. उपसून झाल्यावर काका म्हणाले, "आता विरजण पाहिजे. दूध कितीपण घाल, विरजणाशिवाय दही लागत नाय." जिवंत टाकीतला काला आणून हिच्यात सोडायचा, असं ते विरजण. ते मिळालं अष्टमीच्या पलीकडे सखा नावाच्या शेतकऱ्याकडे. त्याची घरची छोटी टाकी होती. टेम्पोत बारा पिंपं भरली. झाकणं दाबून धरायला पाठीमागे मी. अष्टमीच्या पुलावर टेम्पोने गचका खाल्ला आणि एक झाकण उडालं. पुलावरून चाललेल्या एका मास्तरांनी मला ओळखलं. "अरे जनार्दन! सध्या काय करतोस?" मी म्हटलं, "सर, सेक्रेटरी आहे." गळ्यापर्यंत काल्यात बसून याहून बरं उत्तर सुचलं नाही.

विरजण सोडलं. रोज ताजं शेण, कोमट पाणी, बांबूने ढवळणं. काका दिवसातून दहा वेळा डब्याला कान लावत. "बोलते का?" मी विचारायचो. "अजून रुसलेली हाय." एक दिवस गेला, चार गेले, सात गेले. डबा बसलेला तो बसलेलाच. तेवढ्यात काकूने कपाटावरची मोठी पेटी खाली काढून उन्हात ठेवली. फक्त कसर लागू नये म्हणून, असं तिने कुणी न विचारताच सगळ्यांना सांगितलं.

शेवटचा शुक्रवार. रविवारी सभा. दिवस कलायला लागला तशी काकांनी चावी काढली. ठमाबाईने हात पुढे केला, पण काकांनी ती माझ्या हातात ठेवली.

"ज्यानं मारली त्यानं शेवटचा दिवस बसावं. सकाळी सहा पाट्या, मग ढवळ. वॉल्वला हात लावू नको."

"आणि डबा उचलला तर?"

"उद्या उचलणार नाय. रविवारी सकाळी कदाचित. तेव्हा मी हाय." आणि सूर्याकडे बघून ते लगबगीने घराकडे गेले.

टाकीला हे कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी अकराच्या सुमाराला डबा करकरला, कुरकुरला आणि टीचभर वर आला. मी बोंबच मारली. बारा वाजेपर्यंत हातभर वर! अर्धं गाव गोळा झालं. ठमाबाईने शेगडी आणून नळीला जोडली, "उघड रे जनू!" मी हुकूम मोडून वॉल्व जरासा उघडला, तिने काडी लावली. फुस्स. काडी विझली. दुसरी विझली, तिसरी विझली.

"वारा हाय नुसता," हर्षद म्हणाला. "सायकलीत भरायला बरा."

मी वॉल्व बंद केला. आता मोठा पेच. डबा वर होता, उद्या सभेला लोक तो बघतील, निम्मं काम तिथेच होईल. तसाच ठेवावा? की हा न जळणारा गॅस सोडून द्यावा? सोडला आणि पुन्हा झालाच नाही, तर उद्या बसलेला डबा, आणि काकांच्या हातात कटर. सांगू शकणारा माणूस शंभर पावलांवर ओट्यावर बसला होता, माझ्याकडे पाठ करून.

गेलो. काका धुतलेल्या सदऱ्यात, टोपी घालून बसलेले. काकू दाराशी.

"काका, डबा उचललाय."

"कसला डबा?"

"टाकीचा."

"मी आज टाकी ओळखत नाय."

"पण गॅस पेटत नाही. सोडू का ठेवू, एवढंच सांगा."

"जनू, शनवार हाय," काकू म्हणाली. "त्यांना कामाचं विचारू नये."

मी पायरीवर बसलो. काकांच्या पायाचा अंगठा जमिनीवर टकटक करत होता. बॉयलरचा काटा लाल रेघेला टेकला की होत असेल तसं. मग समोरच्या आंब्याकडे बघत ते म्हणाले, "माझ्या आज्याचा घाणा होता."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत! घाणा बरेच दिवस बंद असला नि पुन्हा जुंपला, की पहिलं तेल गढूळ यायचं. दिव्यात घातलं तर दिवा इझायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, द्या थोडं. आजा म्हणायचा, नाय. सगळं काढून टाकायचा. थेंबसुद्धा ठेवत नसे. ठेवलं की पुढचंपण नासतं. मग जे दुसरं यायचं..." काकांनी जीभ टाळूला लावून नुसता 'टॉक' केला.

"शनवारी धंद्याची गोष्ट!" काकू म्हणाली.

"गोष्ट आज्याची हाय. धंद्याची नाय."

मला कळलं. सगळं सोडायचं, थेंबसुद्धा ठेवायचा नाही. मी उठलो, चार पावलं गेलो.

"जनू," मागून हाक आली. काकूची.

ती दारातून ओट्याच्या कडेपर्यंत आली होती. तिने एकदा घरात, उन्हातून परत नेऊन ठेवलेल्या त्या पेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता, आंब्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, "आणि यांची आजी त्या येळी आसपास विस्तव ठेवू देत नसे. विडीसुद्धा नाय. ते यांनी सांगितलं नाय. पुरुषांना अर्धीच गोष्ट आठवते."

काकांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. मी तिथून पळालो, कारण त्या बघण्यात माझं काही काम नव्हतं.

टाकीच्या भोवती मी पोलिसासारखा ओरडत फिरलो. जवळच्या चुली विझवल्या, हर्षदच्या तोंडातली पेटलेली विडी काढून पाण्यात टाकली. मग वॉल्व पूर्ण उघडला. सुईई आवाज करत गॅस गेला आणि अर्ध्या गावाच्या डोळ्यांदेखत डबा पुन्हा खाली बसला.

"एकदा मारली, आता दुसऱ्यांदा!" हर्षद म्हणाला. "सेक्रेटरी हाय का कसाई?" ठमाबाईसुद्धा काही बोलली नाही, आणि ती गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर. मी वॉल्व घट्ट बंद केला, चार पाट्या शेण जास्तीचं घातलं आणि हात दुखेपर्यंत ढवळलं.

रविवारी उजाडताना काका माझ्याआधी टाकीवर उभे होते. डबा दोन हात वर. मी काही विचारायच्या आत त्यांनी कान लावला आणि हसले. "बडबडतेय."

दहाला सभा भरली. शेगडी मध्ये ठेवली, वर चहाचं मोठं पातेलं. काकांनी काडेपेटी काढली, पण काडी ओढण्याआधी हन्नाकाकूने पुढे येऊन ती त्यांच्या हातातून घेतली. अश्दोदला जायच्या बाजूचा एकच माणूस होता गावात, आणि काडी त्याच्या हातात. तिने वॉल्वकडे मान हलवली, काकांनी उघडला, तिने काडी लावली.

काहीच दिसलं नाही. चक्क ऊन पडलेलं. "गेलं," हर्षद म्हणाला. ठमाबाईने तपासायला शेगडीवर हात धरला आणि उडीच मारली. "पेटलंय गो बायांनो! हात भाजला माझा!" उन्हात न दिसणारी निळी ज्योत सुरसुरत होती. चहाला उकळी फुटली तेव्हा काकांनी उगाचच शिट्टी फुंकली. शिफ्टची वेळ नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही. हर्षदने दोन कप घेतले आणि साखर कमी आहे म्हणाला.

सभेत ठरवायला काही उरलंच नाही. काकूने त्याच आठवड्यात तामारला पत्र लिहिलं. पत्ता इंग्रजीत हवा म्हणून ते माझ्याकडे आलं, आणि वरची दोन वाक्यं दिसलीच. टाकी बरी झाली, आम्ही येत नाही. सुट्टीत पोरांना घेऊन तूच ये, इथे घरात धूर नाही.

चहाची भांडी धुताना काकांनी मला बाजूला घेतलं.

"जनू, परवा माझ्याकडून गोष्ट काढून घेतलीस."

"परवा कुठे, काल. आणि गोष्ट तर आज्याची होती!"

"ते हन्नाला सांगायला. वरच्याला काय सांगू? शनवार मोडला माझा. अर्धा तरी."

"मग काय करायचं?"

"तू भरून दे. तुझा एक शनवार, माझ्या ओट्यावर. सकाळपासून आकाशात चांदण्या दिसेपर्यंत. काय करायचं नाय. लिहायचं नाय, दुरुस्त करायचं नाय, कुठे जायचं नाय. बसायचं."

"एवढंच ना!" मी म्हटलं. मला वाटलं, स्वस्तात सुटलो.

आता सत्त्याण्णव साल आहे. पहिल्या खेपेला मी नऊ वाजेपर्यंत बसलो, मग कुणीतरी रेशनकार्डाचा अर्ज घेऊन आलं आणि माझ्या खिशातून पेन आपोआप बाहेर पडलं. काका म्हणाले, "मोडला." पुढच्या वेळी जेवणापर्यंत निभावलं आणि दुपारी काकूच्या झोपाळ्याची कडी करकरते म्हणून पिळून दिली. "मोडला." एकदा तर चारपर्यंत पोचलो होतो. काका खूश, काकूने खजूर आणून ठेवले. तेवढ्यात मला झोप लागली. झोप चालते, पण झोपेत मी म्हणे मोठ्याने 'माननीय महोदय' असं म्हटलं. काकांच्या मते ते काम झालं.

गेल्या शनिवारी पुन्हा गेलो. काकांनी सरकून जागा केली. मी चपला काढल्या, पेन घरी ठेवून आलो होतो, भिंतीला टेकलो. अकरा वाजले असतील. वाटेवर ग्रामसेवक सायकलवरून उतरताना दिसला, काखेत फायली. काकांनी त्याला पाहिलं, मला पाहिलं आणि माझ्या चपला पायाने माझ्याकडे सारल्या.

"जा," म्हणाले. "पुढल्या शनवारी ये."